शेजाऱ्याने तपासलेले पुस्तक

आल्बेर बेत्तानिए या फ्रेंच चित्रकाराने 1887 मध्ये शाळेचा एक वर्ग रंगवला. भिंतीवर फ्रान्सचा नकाशा टांगला आहे, मास्तरांची छडी पूर्वेकडच्या एका गडद डागाकडे रोखलेली आहे आणि नकाशाजवळ लष्करी गणवेशातला एक विद्यार्थी उभा आहे. तो डाग म्हणजे आल्सास-लोरेन. 1870-71 च्या युद्धात हरल्यावर फ्रान्सला हा मुलूख जर्मनीला द्यावा लागला होता. 'काळा डाग' हेच चित्राचे नाव. चित्रकाराने काही वाढवून दाखवले नव्हते. त्या दशकात फ्रेंच शाळांत खरोखरच मुलांच्या पलटणी उभ्या केल्या जात आणि त्यांच्याकडून कवायत करून घेतली जाई. ऱ्हाइन नदीच्या पलीकडे जर्मन शाळा 2 सप्टेंबरला सेदानचा विजयदिन साजरा करत. याच लढाईत फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन जर्मनांच्या हाती सापडला होता. शेजारी कोण, हे दोन्हीकडच्या मुलांना शाळेत कळे. आणि तो वैरी आहे, हेही तिथेच कळे.

आल्फाँस दोदेची 'शेवटचा तास' ही 1873 ची कथा याच मुलखातली. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात ती असल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी ती वाचली आहे. बर्लिनहून हुकूम येतो, फ्रेंच शिकवणे बंद होते आणि म्हातारे मास्तर शेवटचा धडा देतात. मातृभाषेवरच्या प्रेमाची कथा म्हणून ती आपल्या मनाला भिडते. पण आल्सासमधल्या बहुतेक खेड्यांत घरी बोलली जाणारी बोली जर्मन वळणाची होती, हे कथेत कुठे जाणवत नाही. गोष्टीतल्या मुलाचे नावसुद्धा फ्रान्झ आहे! जर्मन मास्तराने हीच गोष्ट लिहिली असती तर तिचा शेवट वेगळा झाला असता. आणि फ्रेंच मुलाने ती कधी वाचली नसती.

आज 27 देशांच्या युरोपीय महासंघातल्या शाळांत मुले 'युरोपीय नागरिकत्व' शिकतात. बारा ताऱ्यांचे निशाण, 9 मेचा युरोप दिन, युरोपीय संसद, नागरिकांचे हक्क असे सगळे त्यात असते. हे शिक्षण ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांत जन्माला आले, असा समज सहज होतो. मला तो बरोबर वाटत नाही. इतिहास शिकवणाऱ्या काही माणसांनी आपले पुस्तक शेजाऱ्याला वाचायला दिले आणि त्याने काढलेल्या चुका ऐकून घेतल्या. या शिक्षणाचा पाया तिथे आहे, आणि तो घालणाऱ्यांनी त्यासाठी फार सोसले आहे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा फ्रेंच प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेत मोठी चीड होती. युद्धाला चेतवणारी पुस्तके वर्गातून काढून टाका, असा आग्रह संघटनेने 1920 च्या दशकात धरला. जॉर्ज लापिएर हे त्या चळवळीतले आघाडीचे नाव. उत्तरेकडे नॉर्डिक देशांत 1919 पासून 'नॉर्डन' नावाच्या संस्था निघाल्या आणि त्यांनी एकमेकांच्या इतिहासाच्या पुस्तकांची तपासणी हाती घेतली. डेन्मार्क आणि स्वीडन शतकानुशतके लढलेले देश. तिथे हे जमू लागले. राष्ट्रसंघाने 1922 मध्ये बौद्धिक सहकार्यासाठी समिती नेमली. तिच्यात हेन्री बर्गसाँ, मारी क्युरी आणि आइनस्टाइन होते, पुढे आपले जगदीशचंद्र बसूही होते. स्पेनच्या हूलिओ कासारेस यांनी तिथे एक पद्धत सुचवली: एखाद्या देशाला दुसऱ्याच्या पाठ्यपुस्तकात आपल्याबद्दल खोटे किंवा द्वेषाचे काही आढळले, तर त्याच्या राष्ट्रीय समितीने समोरच्या समितीला सौजन्याने लिहून दुरुस्ती मागावी. सूचना सभ्य होती, पण तिचा वापर मोजकाच झाला. सरकारांना या कामाची घाई नव्हती.

घाई होती ती ज्यूल इझाक यांच्यासारख्या लोकांना. इझाक 1877 मध्ये रेन या गावी एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या घरी जन्मले. इतिहासाचे शिक्षक झाले. आल्बेर माले यांची शालेय इतिहासाची पुस्तके तेव्हा प्रसिद्ध होती. ते माले 1915 मध्ये आघाडीवर मारले गेले. इझाक स्वतः खंदकांत लढले आणि 1917 मध्ये व्हर्दनजवळ जखमी झाले. युद्धानंतर पुस्तकमालेचे काम त्यांच्याकडे आले आणि 'माले-इझाक' हे जोडनाव फ्रान्समधल्या घराघरांत पोचले. आपल्याकडे चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक जसे पिढ्यांच्या मनात बसले आहे, तसे हे पुस्तक तिथल्या मुलांच्या मनात बसले. त्या पुस्तकात 1914 चे युद्ध कसे लिहायचे? व्हर्सायच्या तहाने दोष जर्मनीच्या माथी मारला होता, आणि जर्मन पुस्तके उलट टोकाला जाऊन जर्मनी निर्दोष असल्याचे सांगत होती. इझाक कागदपत्रांत शिरले. 1933 मध्ये त्यांनी युद्धाच्या कारणांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या माणसाने खंदकात आपले सोबती गमावले, त्याने आपल्या देशाच्या चुकाही नोंदवल्या. मला या धैर्याचे मोल रणांगणावरच्या धैर्याइतकेच वाटते.

1935 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसला फ्रेंच आणि जर्मन इतिहासकार एकत्र बसले. फ्रेंच बाजूला पिएर रनुव्हँ आणि इझाक यांच्यासारखी मंडळी होती. हिटलरला सत्तेवर येऊन तोवर जवळजवळ तीन वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही बैठक किती अवघड होती ते कळते. तरीही त्यांनी सुमारे 40 कलमे ठरवली. 1914 मध्ये कोणत्याही सरकारने किंवा जनतेने जाणूनबुजून युरोपभर युद्ध पेटवायचे ठरवले होते, असे कागदपत्रांवरून म्हणता येत नाही, हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. फ्रान्समध्ये ही कलमे शिक्षकांपर्यंत गेली. जर्मनीत ती आक्षेपांची पुरवणी जोडून छापली गेली, आणि नाझी शाळेत तर त्यांना जागाच नव्हती.

पुढचे सांगताना हात जड होतो. 1940 मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या ज्यूविरोधी कायद्याने इझाक यांना शिक्षण खात्याच्या महानिरीक्षक पदावरून काढले. इझाक नावाच्या माणसाने फ्रेंच मुलांना फ्रान्सचा इतिहास शिकवावा हे चालणार नाही, असे पुढे शिक्षणमंत्री झालेले आबेल बोनार उघडपणे म्हणाले. 1943 च्या ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने रिओम या गावी त्यांची पत्नी लोर आणि मुलगी ज्युलिएत यांना पकडले. इझाक त्या वेळी बाहेर गेलेले होते म्हणून वाचले. दोघी ऑशविट्झला मारल्या गेल्या. त्याआधी फ्रान्समधल्या छावणीतून लोर यांनी कसाबसा निरोप धाडला होता: स्वतःला जपा आणि हाती घेतलेले काम पुरे करा. तिकडे जॉर्ज लापिएर 1945 च्या फेब्रुवारीत डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. युद्ध संपायला तेव्हा तीन महिने उरले होते.

या लोकांचे काम इथेच संपले असते. ते पुन्हा उभे राहिले त्याचे श्रेय बरेचसे एका जर्मन माणसाला जाते. गेऑर्ग एकर्ट 1912 मध्ये बर्लिनला जन्मले, समाजवादी वातावरणात वाढले. युद्धात त्यांची नेमणूक ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी इथे हवामान केंद्रावर झाली होती. तिथे त्यांनी ग्रीक प्रतिकार चळवळीशी संबंध जोडले आणि 1944 मध्ये जर्मन सैन्य सोडून ते तिच्याकडे गेले. 1946 मध्ये ते ब्राउनश्वाइगला शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात शिकवू लागले. शहर बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. नाझी पुस्तके दोस्त राष्ट्रांनी वर्गातून काढून टाकली होती, आणि मास्तरांच्या हाती इतिहासाचे नवे पुस्तकच नव्हते. एकर्ट यांनी शिक्षकांसाठी छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. काही काळातच त्यांनी ब्रिटिश शिक्षकांशी बोलणी सुरू केली आणि मग फ्रेंचांशी.

फ्रेंच बाजूने इतिहास-भूगोल शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष एदुआर ब्रुले पुढे आले. फ्रान्सवरचा जर्मन अंमल संपून जेमतेम सात वर्षे झाली होती. त्या वेळी जर्मन माणसाशी टेबलावर बसून मुलांच्या पुस्तकाविषयी चर्चा करणे फ्रान्समध्ये कुणाला गोड वाटणार होते? ब्रुले बसले. 1951 मध्ये पॅरिस आणि माइन्झ इथल्या बैठकांत रनुव्हँ, जर्मन इतिहासकार गेरहार्ड रिटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 चाच मसुदा पुढे घेतला. पुन्हा 40 कलमे ठरली. त्याच वर्षी 18 एप्रिलला सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांच्या सामाईक व्यवस्थेचा करार पॅरिसला केला. युरोपच्या इतिहासात त्या कराराला पहिले पान मिळते. ते मिळायलाच हवे, पण शेजारचे पान या 40 कलमांना द्यायला हरकत नाही. त्याच साली ब्राउनश्वाइगला एकर्ट यांची पाठ्यपुस्तक सुधारणेची संस्थाही उभी राहिली.

त्यांची कामाची रीत साधी होती. इकडची पुस्तके तिकडच्या शिक्षकांकडे जात. ते वाचून शेरे लिहीत: हा तपशील चुकला, ही घटना गाळली, या नकाशात सरहद्द अशी कशी? मग दोन्ही बाजूंनी भेटून एकेक शेरा हातावेगळा करायचा. बंधन कुणावरच नव्हते. फ्रान्समध्ये प्रकाशक आपापली पुस्तके काढत आणि जर्मनीत शिक्षण हे प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत. त्यामुळे ठरलेल्या कलमांना कायद्याचा जोर नव्हता. लेखकाला आपल्या पुस्तकाबद्दल वाटणारी चाड, एवढ्याच बळावर हे काम चालले.

स्ट्रासबुर्गची युरोप परिषद 1949 मध्ये स्थापन झाली होती. तिने ही रीत उचलली आणि 1953 ते 1958 या काळात दर वर्षी एक अशा सहा परिषदा भरवल्या. पहिली ब्लॅक फॉरेस्टमधल्या काल्व्ह इथे झाली. 'सिद्धार्थ'कार हेर्मान हेस्से यांचे हे जन्मगाव. त्यानंतर ऑस्लो, रोम, रॉयोमाँ, श्खेव्हेनिंगेन आणि शेवटी तुर्कस्तान. धर्मसुधारणेचे युग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांना एकाच पुस्तकातून कसे शिकवायचे, तुर्कांचा उल्लेख फक्त आक्रमक म्हणून करायचा का, असले प्रश्न तिथे खुलेपणाने मांडता येऊ लागले. 19 डिसेंबर 1954 च्या सांस्कृतिक करारात सदस्य देशांनी एकमेकांच्या भाषा, इतिहास आणि संस्कृती यांच्या अभ्यासाला उत्तेजन देण्याचे मान्य केले.

याच सुमारास लक्झेंबर्गमध्ये वेगळाच प्रयोग चालू झाला. कोळसा-पोलाद समुदायाच्या नोकरीसाठी सहा देशांतून आलेल्या कर्मचाऱ्यांना मुलांच्या शाळेचा प्रश्न पडला होता. आल्बेर व्हान हूट यांच्यासारख्या पालकांनी पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर 1953 मध्ये पहिली युरोपीय शाळा भरली. प्रत्येक मूल आपल्या मातृभाषेच्या तुकडीत शिके, पण आठवड्याचे काही तास सगळ्या तुकड्या एकत्र बसत. त्यांना 'युरोपीय तास' म्हणत. वरच्या वर्गांत इतिहास आणि भूगोल दुसऱ्या भाषेतून शिकायचा, असा नियम पडला. जर्मन मुलगा नेपोलियनची लढाई फ्रेंचमधून शिकणार, तीही शेजारी बसलेल्या इटालियन आणि डच मुलांबरोबर! माझ्या मते युरोपीय शिक्षणातली ही सर्वांत हुशारीची तजवीज आहे. पहिले मुख्याध्यापक मार्सेल देकोंबी यांनी शाळेच्या उद्देशाचे जे निवेदन लिहिले, ते पुढे या शाळांच्या पायाभरणीच्या दगडांत ठेवले गेले. एकत्र खेळून-शिकून वाढलेली मुले आपापल्या देशावर प्रेम करतील आणि तरीही मनाने युरोपीय होतील, असा त्याचा आशय आहे.

ही शाळा मुख्यतः अधिकाऱ्यांच्या मुलांची राहिली, हा आक्षेप खरा आहे. ब्रुसेल्सच्या उक्ल भागातल्या अशाच शाळेत उर्सुला फॉन डेर लायेन शिकल्या. त्या पुढे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. बोरिस जॉन्सनही काही काळ तिथेच शिकले, आणि त्यांनी ब्रिटनला महासंघातून बाहेर काढले. यावरून शाळा फसली असे मी म्हणणार नाही. मोठेपणी कुणाला मत द्यायचे, हे ठरवून देणारी शाळा मला नको आहे.

फ्रान्सशी जमले ते पोलंडशी जमायला वीस वर्षे आणखी लागली, आणि जखम तिथे जास्त खोल होती. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट यांनी डिसेंबर 1970 मध्ये वॉर्सात ज्यू वस्तीच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. त्यानंतर 1972 मध्ये एकर्ट आणि पोलिश इतिहासकार यांचा संयुक्त आयोग कामाला लागला. एकर्ट यांनी त्याचा शेवट पाहिला नाही. जानेवारी 1974 मध्ये ते वारले. 1976 मध्ये आयोगाने 26 शिफारशी जाहीर केल्या, तेव्हा पश्चिम जर्मनीत गदारोळ उठला. पूर्वेकडच्या घरादारांतून हाकलल्या गेलेल्या लाखो जर्मनांच्या संघटनांना आपले दुःख त्यात नीट सापडले नाही. दुसरीकडे पोलिश इतिहासकारांचे हात बांधलेले होते. 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात झालेला गुप्त करार आणि कातीनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी केलेली पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल, हे विषय मॉस्कोच्या भीतीने गाळावे लागले. समेटाच्या पायी सत्य झाकले गेले, असा ठपका तेव्हाच ठेवला गेला. तो अगदीच निराधार नव्हता.

असाच प्रश्न 1951 च्या कलमांवरही आला. 1961 मध्ये हाम्बुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले की 1914 मध्ये जर्मन नेतृत्वाची युद्धाची भूक बरीच मोठी होती. जर्मनीतच वादळ उठले. गेरहार्ड रिटर फिशरविरुद्ध हिरिरीने उतरले. शेजाऱ्याशी समेट करताना ठरवलेला मजकूर इतिहासाचा शेवटचा शब्द ठरत नाही, हे यातून स्पष्ट झाले आणि ते चांगलेच झाले. कलमे ठरवणारी माणसे मजकूर कायमचा कोरून ठेवायला बसली नव्हती. वाद वर्गात आणण्याची वाट त्यांनी मोकळी केली.

1992 च्या मास्त्रिख्त कराराने 'युरोपीय महासंघाचे नागरिकत्व' ही कायदेशीर वस्तू निर्माण केली. पण त्याच कराराने शिक्षणाचा आशय सर्वस्वी सदस्य देशांच्या हाती ठेवला, आणि त्यांचे कायदे एकसारखे करण्याला स्पष्ट मनाई केली. नागरिक एका जागी घडवायचा आणि त्याचे पुस्तक भलतीकडे, अशी ही मांडणी आहे. त्याच वर्षी फ्रेदेरिक दलूश यांच्या पुढाकाराने 12 देशांच्या 12 इतिहासकारांनी लिहिलेले युरोपच्या इतिहासाचे पुस्तकही निघाले. ते कुठल्याच देशाचे अधिकृत पाठ्यपुस्तक झाले नाही.

जानेवारी 2003 मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातल्या एलिझे या मैत्रीकराराला 40 वर्षे झाली. द गॉल आणि आडेनाउअर यांनी 1963 मध्ये केलेल्या या कराराच्या आठवणीसाठी बर्लिनला फ्रेंच आणि जर्मन विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. आम्हांला दोन्ही देशांत एकच इतिहासाचे पुस्तक हवे, ही मागणी या मुलांनी केली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे चॅन्सलर श्रोडर यांनी ती उचलून धरली. मे 2006 मध्ये सॉम नदीकाठच्या पेरोन गावी, पहिल्या महायुद्धाच्या संग्रहालयात, पहिला भाग समोर आला. 1945 नंतरचा काळ, दोन भाषा, मजकूर एकच. आणखी दोन भाग 2008 आणि 2011 मध्ये निघाले. लेखकांना सगळ्यात जड गेली ती युद्धे नव्हती. त्यांवर एकमत आधीच्या पिढ्यांनी घडवून ठेवले होते. ओढाताण झाली ती अमेरिकेवरून आणि कम्युनिझमवरून. फ्रेंचांना आपल्या कम्युनिस्ट पक्षाचा नाझीविरोधी लढा आठवत होता, जर्मनांना बर्लिनची भिंत. तरीही पुस्तक पुरे झाले. वर्गात मात्र ते मुख्यतः द्विभाषिक तुकड्यांपुरते राहिले, कारण जर्मनीच्या 16 राज्यांचे 16 अभ्यासक्रम फ्रान्सच्या एका अभ्यासक्रमाशी जुळवणे कुणाला साधले नाही. जर्मन-पोलिश जोडपुस्तकाचे चार भाग 2016 ते 2020 या काळात आले. 1976 मध्ये जे लिहिता आले नव्हते, ते आता लिहिण्याची मोकळीक होती.

9 जून 2024 रोजी जर्मनी आणि बेल्जियममधल्या 16 वर्षांच्या मुलांनी युरोपीय संसदेसाठी पहिल्यांदा मतदान केले. जर्मनीतल्या तरुण मतदारांनी अतिउजव्या पक्षाला 2019 पेक्षा बरीच जास्त मते दिली, आणि शाळेत युरोप नीट शिकवला जात नाही, हे गाऱ्हाणे पुन्हा ऐकू आले. त्यावरचा उपाय म्हणून ब्रुसेल्सने सगळ्या देशांसाठी एकच पुस्तक छापावे असे मला वाटत नाही. अशा पुस्तकाला कुणाचेच शेरे मिळणार नाहीत. हंगेरीचे पुस्तक रोमानियाच्या मास्तरांनी वाचावे, ग्रीसचे तुर्कस्तानच्या आणि फ्रान्सचे अल्जीरियाच्या. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकावर दर काही वर्षांनी भांडण होते, तेव्हा मंडळावर बसलेल्यांनी इझाक, ब्रुले आणि एकर्ट ही तीन नावे आठवावीत, ही माझी विनंती आहे. एकर्ट यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ब्राउनश्वाइगला चालू आहे आणि जगभरातली शालेय पुस्तके तिच्या ग्रंथालयात वाचायला ठेवलेली आहेत.